हवामानाचा आलेख : चित्र बघू नका, तास वाचा



आज सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. आमच्या भागात सोयाबीनची काढणी जोरात चालू होती. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा संध्याकाळी फोन आला. "सर, तुमच्या मोबाईलवर बघा ना जरा. उद्या मजूर सांगितलेत. पाऊस हाय का?" मी हवामानाचं अ‍ॅप उघडलं. उद्याच्या तारखेसमोर ढगाआडून डोकावणारा सूर्य, आणि शेजारी ४० टक्के. मी म्हटलं, "चाळीसच टक्के आहे. म्हणजे साठ टक्के कोरडंच की! काढून घ्या." वर स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडक ऊन होतं. मी मनातल्या मनात खूश. चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि पाऊण तास पाऊस झोडपून गेला. कापून शेतभर पसरलेलं सोयाबीन जागच्या जागी भिजलं.

वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. "पावसापुढं कुणाचं चालतंय सर," एवढंच म्हणाले. पण दोन दिवसांनी ती मुलगी त्यांचा मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. मीच पाठवलेला स्क्रीनशॉट तिने बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "सर, हे खाली खांब आहेत ना, ते सकाळी नाहीत. तीनला एक बारीक आहे. चारला नि पाचला मोठे आहेत. हे काय असतं?"

ती तक्रार करत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

उत्तर त्या चित्रातच होतं. सूर्य-ढगाच्या चित्राखाली तासातासाचा आलेख होता. सकाळी पाच टक्के, बारा वाजता दहा टक्के, आणि चाळीस टक्के होते ते फक्त दुपारी चार ते सहा. मी तो आलेख वाचला असता तर सांगितलं असतं, "सकाळी लवकर काढायला लागा. दोनच्या आत गोळा करून ताडपत्री टाका." मजूर तेच, शेत तेच, पाऊसही तोच. फक्त सोयाबीन कोरडं राहिलं असतं.

म्हणजे अंदाज चुकला नव्हता. अंदाज वाचणारा चुकला होता. आणि तो वाचणारा गणित आणि भूगोल शिकवतो!

आपण आलेख शिकवतो, पण काय शिकवतो?

जरा आपल्याच प्रश्नपत्रिका आठवून पाहा. आठवड्याच्या तापमानाचा स्तंभालेख किंवा रेषालेख असतो. खाली प्रश्न असतात : सर्वात जास्त तापमान कोणत्या वारी होते? बुधवारचे तापमान किती? सोमवार आणि शुक्रवार यांच्या तापमानात फरक किती? मूल बोट ठेवतं, आकडा शोधतं, लिहितं. तीन गुण.

हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते आकडा शोधायला लावतात. बदल वाचायला लावत नाहीत. तापमान कोणत्या वेळेपासून उतरायला लागलं? हळूहळू उतरलं की एकदम? ते उतरत असताना दुसरं काय चढत होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा बदल होण्याआधी मला काय करून घ्यायला हवं? हे आपण सहसा विचारत नाही.

भूगोलात आपण आणखी एक आलेख दाखवतो, बारा महिन्यांचा. एखाद्या ठिकाणचं दर महिन्याचं सरासरी तापमान आणि पाऊस त्यात असतो. तो हवामानाचा आलेख आहे, अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी. जुलैत पाऊस जास्त आणि मे महिन्यात ऊन जास्त, हे तो सांगतो. पण येत्या गुरुवारी दुपारी काय होईल, हे तो सांगू शकत नाही. तो प्रश्न हवेचा आहे. 'हवा' आणि 'हवामान' यांतला फरक आपण व्याख्येत पाठ करून घेतो आणि तिथेच थांबतो. हे दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले तर तो फरक एका तासिकेत डोक्यात बसतो.

आता हा तासातासाचा आलेख काही परका राहिलेला नाही. जवळपास प्रत्येक घरातल्या मोबाईलमध्ये तो आहे. हवामानशास्त्रात त्याला मेटिओग्राम म्हणतात. एकाच ठिकाणचं तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा, ढग हे सगळं काळाच्या एकाच अक्षावर मांडलेलं असतं. भारतीय हवामान विभागही असे आलेख देतो. साधन घरात आहे, वाचणारा मात्र तयार नाही. आणि तो तयार करणं हे शाळेचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक दिवस वाचून पाहू

वर्गात वापरण्यासाठी मी ऑक्टोबरमधल्या एका दिवसाचा नमुना बेतला आहे. हे आकडे खऱ्या नोंदीचे नाहीत, पण अशा दिवसाचा आलेख साधारण असाच दिसतो. फळ्यावर लिहा आणि मुलांना आलेख काढायला सांगा.

सकाळी ६ : तापमान २१ अंश, आर्द्रता ८८ टक्के, पावसाची शक्यता ५ टक्के
दुपारी १२ : तापमान ३१, आर्द्रता ५०, शक्यता १०
दुपारी ३ : तापमान ३२, आर्द्रता ५२, शक्यता ३०
दुपारी ४ : तापमान २८, आर्द्रता ७५, शक्यता ४०, पाऊस ४ मि.मी.
संध्याकाळी ५ : तापमान २५, आर्द्रता ८८, शक्यता ४०, पाऊस ६ मि.मी.
रात्री ८ : तापमान २३, आर्द्रता ९२, शक्यता १०, पाऊस शून्य

आता "सर्वात जास्त तापमान किती?" हे विचारूच नका. विचारा, "या दिवसाची गोष्ट कुठे वळण घेते?"

मुलं थोडा वेळ बघतात आणि बरोबर तीन वाजण्यावर बोट ठेवतात. बारा ते तीन या तीन तासांत तापमान फक्त एक अंश वाढलं. मग तीन ते चार या एका तासात चार अंश उतरलं. रोजच्या संध्याकाळी तापमान असं कोसळत नाही, सावकाश उतरतं. मग इथे काय झालं? ढग आले, ऊन गेलं, आणि गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड हवा खाली आली. पाऊस येण्याआधी जो गार वारा अंगावर येतो ना, तोच. मुलांनी तो कित्येकदा अनुभवलेला असतो. आलेखावरचा उतार आणि अंगावरचा शहारा एकच आहेत हे लक्षात आलं की डोळे कसे चमकतात, ते एकदा बघाच.

मग दुसरा प्रश्न टाका. "सकाळी सहा वाजता आर्द्रता ८८ टक्के आहे आणि संध्याकाळी पाचलाही ८८. मग सकाळी पाऊस का नाही?" इथे हुशार मुलंही अडखळतात. कारण 'आर्द्रता जास्त म्हणजे पाऊस' असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. खरी गोष्ट अशी की हवा गार असली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. तेवढ्याच बाष्पाला सकाळी ८८ टक्के म्हणतात आणि दुपारी हवा तापली की ५० टक्के. म्हणून साध्या दिवशी तापमानाची रेषा चढते तेव्हा आर्द्रतेची उतरते. दोन्ही रेषा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसतात. एकच रेषा वाचली तर फसगत होते. सगळ्या रेषा एकत्र वाचायच्या असतात.

चार ठिकाणी पाय घसरतो

मुलांचाच नाही, आपलाही. म्हणून हे चार मुद्दे आधी आपण पक्के करूया.

पहिला, वेळेचा अक्ष. कोणाची वेळ आहे ते आधी पाहा. मोबाईल अ‍ॅपवर बहुतेक वेळा आपलीच वेळ असते. पण हवामानाच्या अनेक तक्त्यांवर आणि नकाशांवर वेळ 'यूटीसी'मध्ये दिलेली असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तक्त्यावर १२ यूटीसी लिहिलं असेल तर ते आपल्याकडे दुपारचे बारा नव्हेत, संध्याकाळचे साडेपाच. हीच गोष्ट पावसाच्या नोंदीची. हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो. म्हणजे आज सकाळी नोंदलेल्या पावसात कालचा दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचाही पाऊस असतो. 'आज सत्तर मिलिमीटर पडला म्हणतात, पण इथे तर ऊन आहे' असं मूल म्हणालं, तर त्याला हसू नका. त्याने बरोबर शंका काढली आहे.

दुसरा, उभा अक्ष. अनेक अ‍ॅपवर पावसाच्या खांबांचं प्रमाण आपोआप बदलतं. दिवसभरात सगळ्यात जास्त पाऊस दोन मिलिमीटर असेल तरी तो खांब वरपर्यंत टेकलेला दिसतो. मूल घाबरतं आणि घरी छत्रीसाठी हट्ट धरतं. दुसऱ्या दिवशी चाळीस मिलिमीटरचा खांबही तेवढाच उंच दिसतो आणि मग कोणी लक्ष देत नाही. खांबाची उंची बघण्याआधी शेजारचा आकडा बघायचा, ही सवय लावा. आणि तो खांब किती वेळाचा आहे, एका तासाचा, तीन तासांचा की सहा तासांचा, हेही बघायचं.

तिसरा, मिलिमीटर. हे एकक मुलांना पट्टीवरचं वाटतं, आभाळातलं वाटत नाही. म्हणून गणित करायला द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल तर ६० चौरस मीटर. वरच्या नमुन्यातला दहा मिलिमीटर पाऊस त्यावर पडला तर ६०० लिटर. म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपं! आणि एक एकर शेतावर? साधारण चाळीस हजार लिटर. 'दहाच मिलिमीटर तर आहे' असं म्हणणारा मुलगा हे गणित केल्यावर पुन्हा तसं म्हणत नाही.

हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ मि.मी.पासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून पुढे 'अत्यंत जोरदार' पाऊस धरतात. पण हे आकडे चोवीस तासांचे आहेत. सत्तर मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर बराचसा जमिनीत मुरतो. तेवढाच दोन तासांत कोसळला तर शाळेच्या वाटेवरचा ओढा चढतो. बेरीज एकच आहे, पण एका दिवशी मूल चालत घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत थांबवून ठेवावं लागतं. हा फरक बेरजेत दिसत नाही. तो काळाच्या अक्षावरच दिसतो.

चौथा, टक्केवारी. माझा घात केला तो इथेच. ४० टक्के म्हणजे दिवसाच्या ४० टक्के वेळ पाऊस, असं नाही. गावाच्या ४० टक्के भागात पाऊस, असंही नाही. 'थोडाच पडेल' असं तर मुळीच नाही. अर्थ एवढाच, की असा अंदाज दिलेले शंभर दिवस घेतले तर त्यातल्या सुमारे चाळीस दिवशी पाऊस पडतो. पडला तर किती पडेल, ते मिलिमीटरचा खांब सांगतो. कधी पडेल, ते तासांचा अक्ष सांगतो. आणि 'पडणार नाही' असं ४० टक्क्यांनी कधीच म्हटलेलं नसतं. ते माझं मी म्हटलं होतं.

याच्या जोडीला बातम्यांतले शब्द घ्या. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे हलका पाऊस, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात हवामान विभागाच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' हा शब्द जागेबद्दल आहे : त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. त्या ठिकाणी तो धो धो पडू शकतो. पाऊस जागा कशी निवडतो, याचं टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला मात्र फक्त ७३ मि.मी. शहर एकच, दिवस एकच. त्या दिवशी 'मुंबईत किती पाऊस पडला?' या प्रश्नाला एकच उत्तर कसं देणार?

दूरचा दिवस धूसरच असतो

मोबाईलवर आजपासून सात-दहा दिवस पुढचा तासातासाचा आलेख दिसतो. रेषा तेवढीच ठळक आणि आकडे तेवढेच नेमके असतात. त्यामुळे मुलांनाच काय, आपल्यालाही वाटतं की पुढच्या मंगळवारी दुपारी तीन वाजता नक्की पाऊस आहे.

इथे गणिताच्या तासाला एक गोष्ट सांगा. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवेचं एक साधं गणिती प्रारूप चालवत होते. आधीचंच गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा भरला, ०.५०६. संगणकाच्या आत मात्र तो ०.५०६१२७ होता. फरक अगदी नगण्य. सुरुवातीला दोन्ही उत्तरं जुळली, मग हळूहळू फाटत गेली आणि शेवटी एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. आपण मुलांना 'तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर काढा' असं सहज सांगतो ना, त्या छोट्याशा कृतीची ही मोठी गोष्ट आहे.

आजच्या हवेचं मोजमाप शंभर टक्के अचूक असणं शक्य नाही. म्हणून अंदाज जितका लांबचा, तितका तो फाटत जाणार. हवामान केंद्रं यावर उपाय करतात. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. बहुतेक उत्तरं जवळजवळ आली तर भरवसा जास्त, पांगली तर कमी. आलेखावर हे रेषेभोवतीच्या पट्ट्यासारखं दाखवतात. उद्यासाठी पट्टा अरुंद असतो आणि आठव्या दिवशी रुंद. पट्टा रुंद झाला म्हणजे अंदाज वाईट झाला असं नाही. 'मला एवढंच सांगता येतंय' असं तो प्रामाणिकपणे सांगत असतो. हा प्रामाणिकपणा मुलांनी आकड्यांतून शिकावा, असं मला फार वाटतं.

वर्गात मी एक साधा नियम ठेवला आहे. आज आणि उद्यासाठी तास वाचायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी सकाळ, दुपार, रात्र एवढंच. त्यापुढे फक्त कल : पाऊस वाढतोय की ओसरतोय. आणि रोज सकाळी आलेख पुन्हा उघडायचा. परवाचा अंदाज कालच्यापेक्षा आज कसा बदलला, हे पाहणं हासुद्धा आलेख वाचण्याचाच भाग आहे.

काही आक्षेप, जे मला ऐकावे लागले

"सर, पोर्शन कधी संपवायचा?" प्रश्न रास्त आहे. पण यासाठी वेगळा धडा लागत नाही. आलेख, टक्केवारी, सरासरी, दशांश अपूर्णांक, मापन, हवा आणि हवामान, हे सगळं अभ्यासक्रमात आहेच. पुस्तकातल्या बेतलेल्या आकड्यांऐवजी आजचे आकडे घ्यायचे. परिपाठात पाच मिनिटं पुरतात.

"अंदाज चुकतातच, कशाला शिकवायचे?" चुकतात, म्हणूनच शिकवायचे. कधीच न चुकणारी गोष्ट वाचायला विचार लागत नाही.

"आमच्या बापजाद्यांना आभाळ बघून कळायचं." अगदी खरं आहे, आणि ते ज्ञान मी वर्गात मुद्दाम बोलावतो. संगणकाचं प्रारूप जमिनीचे मोठे चौकोन पाडून गणित करतं. तुमच्या गावामागची टेकडी त्याला नीट दिसत नाही. ती आजोबांना दिसते. पुढच्या तासाभराचं आभाळ आजोबा वाचतील आणि उद्या दुपारचं आलेख सांगेल. भांडण नाहीच मुळी. मूल दोन्ही वाचायला शिकलं तर फायदा त्याचाच.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. शिक्षकाने हवामानतज्ज्ञ होऊ नये. मी ते झालो आणि दुसऱ्याचं पीक भिजवलं. अधिकृत इशारा आला की आपला आलेख बाजूला ठेवायचा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. वीज नेमकी कुठे पडेल, हे तर कोणताच तासाचा आलेख सांगत नाही. गडगडाट ऐकू आला की मुलं मैदानातून आत, झाडाखाली कोणी नाही. त्यात टक्केवारी बघत बसायचं नाही.

वर्गात आणि घरी करता येईल असं

आमच्या वर्गात एक 'पडताळा वही' आहे. रोज एक जोडी सकाळी उद्याचा आलेख पाहते आणि तीन गोष्टी लिहिते : बदल कधी होईल, काय बदलेल, आणि त्यासाठी आपण काय करावं. दुसऱ्या दिवशी तीच जोडी शेजारी लिहिते, प्रत्यक्षात काय झालं. सरळ भिंतीच्या आणि सपाट तळाच्या बरणीत पाऊस गोळा करतो आणि पट्टीने मोजतो. 'पाऊस पडला' कधी म्हणायचं, यावर पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. चार थेंब पडले तर तो पाऊस का? हवामान विभाग २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस' धरतो. आम्हीही तेच ठरवलं. व्याख्या का लागते, हे मुलांना त्या भांडणातून कळलं. मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

वहीत पुरेसे दिवस जमले की २०-३० टक्क्यांचे सगळे दिवस वेगळे काढायला सांगा. त्यातल्या काही दिवशी पाऊस पडलेला असतोच. मुलांना आधी वाटतं, अंदाज चुकला. मग कोणीतरी म्हणतं, "सर, एकदाही पडला नसता तर उलट चुकला असता!" हे वाक्य वर्गातून आलं, की संभाव्यता शिकवून झाली समजा.

पालकांनो, तुमच्यासाठी यापेक्षा सोपं. सहलीला निघताना, कपडे वाळत घालताना, वाळवण टाकताना किंवा मुलाला क्लासला सोडताना मोबाईल त्याच्या हातात द्या आणि चारच गोष्टी विचारा. कधी बदलतंय? किती बदलतंय? किती खात्री आहे? मग आपण काय करायचं? उत्तर तुम्ही देऊ नका, थांबा. ते देईल.

आणि ती मुलगी

पुढच्या वर्षी काढणीच्या वेळी तिच्या वडिलांचा मला फोन आला नाही. मीच वाटेत भेटल्यावर विचारलं. म्हणाले, "पोरीनं सांगितलं, तीननंतर साठ टक्के हाय. दोनला ताडपत्री टाकली."

"मग? आला पाऊस?"

"कुठला! चार थेंब बी नाही." आणि हसले.

मी जरा ओशाळलोच. पुन्हा आलेखाने तोंडघशी पाडलं, असं वाटलं. पण वर्गात तिची वही पाहिली. तिने लिहिलं होतं : 'अंदाज ६० टक्के. पाऊस आला नाही. ताडपत्री टाकायला अर्धा तास लागला. मागच्या वर्षी टाकली नव्हती. टाकली ते बरोबर केलं.'

मित्रांनो, पाऊस आला नाही तरी निर्णय बरोबर असू शकतो, हे मला त्या दिवशी एका सातवीतल्या मुलीने शिकवलं. अर्धा तास विरुद्ध वर्षाचं पीक, हा हिशोब तिने स्वतः मांडला होता. आलेखावरचा सगळ्यात उंच खांब शोधून तीन गुण मिळतात, ते मिळू देत. पण आपल्या मुलांना हा हिशोबही यायला हवा.

उद्या परिपाठात आजचा आलेख फळ्यावर काढून पाहा. वर्गात काय घडलं ते जरूर कळवा.